कस्टर्ड आणि चौथी बरोबरी

सिरिल ऑग्डनने समुद्रकाठच्या स्कारबरोच्या हॉटेलात खोली राखून ठेवली ती पूर्ण विचार करून. लग्नाला तीस वर्षं होत होती, आणि थॉर्नशॉ टाउनचा फुटबॉल संघ एफए कपातून ऑक्टोबरच्या आतच गाशा गुंडाळतो, हे तो बावीस वर्षं बघत आला होता. क्लबचं मैदान तोच राखायचा. "नोव्हेंबर सगळा तुझा," असं त्यानं बायकोला, मेव्हिसला, छातीठोकपणे सांगितलं होतं.

या वर्षी पोरांना काय झालं देव जाणे, ती जिंकतच सुटली. मग नोव्हेंबरात गाठ पडली क्रॅगबीशी. शनिवारी १-१. त्या काळी पेनल्टीवर निकाल लावत नसत; कुणीतरी हरेपर्यंत सामना पुन्हा खेळायचा. मंगळवारी २-२. पुढच्या सोमवारी तिसऱ्याच गावात ०-०. दोन्ही संघ जिंकण्याइतके चांगले नव्हते आणि हरण्याइतके वाईटही नव्हते. चौथ्या सामन्यासाठी नाणं उडवलं तर थॉर्नशॉचंच मैदान आलं. सिरिल पुन्हा चिखलातले खड्डे बुजवायला वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

बुधवारी मेव्हिसनं बॅग उचलली.

"मी चालले. निकाल लागला की ये."

"आणि नाही लागला तर?"

"तर फोन कर. जेवणाच्या वेळी नको."

गुरुवारी दुपारी चौथा सामना सुरू झाला आणि सिरिलचा धीर सुटला. बायको पाहिजे होती, समुद्र पाहिजे होता, त्याहून जास्त कोरडे मोजे पाहिजे होते. आज कुणीतरी हरायलाच हवं होतं, मग आपलेच का होईना. आपल्या संघाविरुद्ध ओरडणं त्याच्या जिभेला जमलं नसतं. पण मध्यंतराला चहा आणि संत्र्याच्या फोडी देण्याचं काम त्याच्याकडेच होतं. पाहुण्यांच्या फोडी त्यानं पोचवल्या, आपल्या पोरांच्या मात्र खुंटीवरच्या पिशवीत ठेवून दिल्या आणि त्यांच्यापुढे जॅमचं भलंमोठं पुडिंग मांडलं, वर कस्टर्ड ओतलं. उपाशी पोरं तुटून पडली. सिरिलला स्वतःची लाज वाटली, पण त्यानं दुसऱ्यांदा वाढलं.

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष हॅसलमसाहेब आत डोकावले.

"वा, सिरिल. पण पाहुण्यांना फोडी आणि आपल्याला पुडिंग? थॉर्नशॉची अब्रू काय राहील?"

त्यांनी उरलेलं अख्खं पातेलं स्वतःच्या हातानं क्रॅगबीच्या खोलीत नेलं. पाहुण्यांनी ते खरवडून परत पाठवलं.

नंतरची पंचेचाळीस मिनिटं आणि वरचा जादा अर्धा तास बावीस जण मैदानात फिरत होते, जेवणानंतर शतपावली करावी तसे. एकदा चेंडू क्रॅगबीच्या उघड्या गोलापाशी थांबला, पण त्याच्यापर्यंत जाण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. ०-०.

सिरिलनं रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या फोनवरून हॉटेलात फोन लावला.

"मेव्हिस, बरोबरीच झाली. मी पोरांना पुडिंग खायला घातलं, ते पाहुण्यांनीही खाल्लं, मग कुणी धावेचना."

पलीकडे दोन बायका आनंदानं ओरडल्या.

"कोण आहे तिथे?"

"ग्लॅडिस. क्रॅगबीचं मैदान राखतो ना, त्याची बायको. तिलाही असंच एकटीला पुढे पाठवलंय. काल रात्री आम्ही नाचायला गेलो, आज पुन्हा जाणार, सिरिल. तीस वर्षांत इतकं हसले नव्हते मी."

"मग मी... येऊ का?"



"पुढचा सामना कधी?"

"सोमवारी. नाणं उडवलं तर पुन्हा आमचंच मैदान आलं."

"मग तू आधी खड्डे बुजव," ती मायेनं म्हणाली. "आणि हे बघ, जे काय खायला घातलंस ना, तेच घाल."