उपकरण वापरात आहे, नंतर प्रयत्न करा

मानवी संस्कृतीची सुरुवात अग्नीपासून किंवा चाकापासून धरण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. ज्या दिवशी एखादा माणूस रिकाम्या रस्त्याच्या कडेला, लांबवर एकही गाडी दिसत नसताना, लाल दिव्यासाठी थांबला, त्या दिवसापासून ती धरायला हवी. या हिशेबाने ब्राकेनफेल्ड गावचे एकहार्ट ब्रोमल हे जर्मनीतल्या अत्यंत सुसंस्कृत गृहस्थांपैकी एक ठरतात. वजनमापे तपासनीस म्हणून चौतीस वर्षं त्यांनी खाटकांचे तराजू तपासले. (निवृत्तीचा केक त्यांनी समान सोळा भागांत कापला. माणसं पंधराच आली होती. सोळावा भाग कचेरीच्या कपाटात रीतसर ठेवण्यात आला.)

धाकटा भाऊ लोथार हा मात्र घराण्याला लागलेला डाग होता. तो अकॉर्डियन वाजवायचा, बेकरीच्या रांगेत मध्येच घुसायचा आणि रविवारी, शेजाऱ्यांच्या विश्रांतीच्या वेळी, यंत्राने गवत कापायचा. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने काडेपेटीएवढ्या प्लेअरवर आपलं एक वॉल्ट्झ नाचाचं गाणं रेकॉर्ड केलं आणि तो प्लेअर भावाच्या हाती दिला.

"मला खाली सोडताना हेच वाजव," तो म्हणाला. "दफनात वाजवणारा तो भाड्याचा ट्रंपेटवाला आणलास, तर उठून बसेन बघ!"

लोथार गेला. दफन शुक्रवारी अकराला ठरलं.

मंगळवारी एकहार्टनी प्लेअर संगणकाला जोडला. हेतू शुद्ध होता: चार्जिंग करणे आणि रेकॉर्डिंगची लांबी मोजणे. संगणकाने प्लेअर ओळखण्यास नकार दिला. पुस्तिकेच्या पान एकेचाळीसवर अशा प्रसंगी करायचे आठ उपाय होते: केबल काढून पुन्हा लावणे, दुसऱ्या भोकात लावणे, संगणक बंद करून चालू करणे वगैरे. आठवा उपाय 'पहिल्यापासून सुरुवात करा' असा होता. एखाद्या उतावळ्या माणसाने दुसऱ्या फेरीतच पुस्तिका भिरकावून दिली असती. एकहार्टनी एकशे बारा प्रयत्न केले आणि बुधवारी दुपारी संगणकाने प्लेअरला ओळख दाखवली. यशाचं प्रमाण ०.८९ टक्के. (सरकारी योजनांच्या तुलनेत हे प्रमाण उत्साहवर्धक मानावं लागेल.)

त्यांनी वॉल्ट्झ एकदा ऐकलं. घड्याळ लावून मोजलं. चार मिनिटं बारा सेकंद, शेवटी लोथारचा खोकला धरून. मग प्लेअर सुरक्षितपणे काढण्याचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'उपकरण वापरात आहे. नंतर प्रयत्न करा.'

नंतर म्हणजे किती वेळाने, हे लिहिलेलं नव्हतं. एकहार्टनी पंधरा मिनिटं हे वाजवी अंतर ठरवलं आणि वही सुरू केली. प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि 'नकार'. वायर नुसती ओढून काढता आली असती, पण पुस्तिकेत ठळक अक्षरांत इशारा होता की परवानगीशिवाय काढल्यास आतला मजकूर नष्ट होऊ शकतो. तो खोकला आता जगात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. एकहार्टना भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती.

गुरुवारी त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. एक बाई अत्यंत सौजन्याने बोलली.

"तक्रार लेखी पाठवा. तीन कामाच्या दिवसांत पत्राने उत्तर येईल."

"पण उद्या माझ्या भावाचं दफन आहे हो."

"मनापासून वाईट वाटलं ऐकून. लेखी पाठवा."

एकहार्टना हे पटलं. अशी माणसं आहेत म्हणून देश चाललाय, असं मनाशी म्हणत त्यांनी लगेच फॅक्स पाठवला.

शुक्रवारी सकाळी ते काळा सूट घालून संगणकासमोर बसले. परवानगी कोणत्याही पंधरा मिनिटांत मिळू शकत होती, त्यामुळे जागा सोडणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. अकराला पाच कमी असताना लोथारच्या बायकोचा, इर्मगार्टचा, स्मशानातून फोन आला.

"एकहार्ट, कुठे तडमडलायस? सगळे खोळंबलेत इथे!"

"परवानगी मिळाली नाही अजून."

"कुणाची परवानगी?"

"संगणकाची."

"अरे, तुझ्या भावाला पुरतोय आम्ही, आणि तू त्या डबड्याला विचारत बसलायस? ओढ ती वायर!"

"त्याच्यासाठीच तर जपतोय, इर्मगार्ट."

"बरं बाबा, नको ओढूस. तिथेच वाजव. फोन स्पीकरजवळ धर, मी इकडे माझा वर धरते. ऐकू दे त्याला."

एकहार्टनी प्रस्तावाचा सर्व बाजूंनी विचार केला. वाजवलं म्हणजे वापर झाला. वापर झाला म्हणजे परवानगी आणखी लांबणार.

"वापरात असताना वापरता येत नाही," ते म्हणाले.

इर्मगार्टने फोन बंद केला नाही, नुसता खाली केला. त्यामुळे एकहार्टना पुढचं सगळं ऐकू आलं. दोरांची करकर ऐकू आली. मग शेजारच्या दफनासाठी आलेला ट्रंपेटवाला, कुणीतरी गळ घातल्यामुळे, दोन कडवी वाजवून गेला. एका ठिकाणी त्याचा सूर फाटला. लोथार उठून बसला नाही. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी एकहार्टनी बटण दाबलं आणि वहीत नोंद केली.

पत्र मंगळवारी, म्हणजे मुदतीत, आलं. 'वाजून झालेल्या गाण्याची खिडकी आपण बंद केलेली नाही. ती पडद्याच्या तळाशी असेल. बंद करावी. समाधानाचे गुण पाचपैकी कळवावेत.' एकहार्टनी ती बंद केली. परवानगी त्याच क्षणी मिळाली. एकही सेकंद खराब झाला नव्हता, खोकल्यासकट. त्यांनी पाचपैकी पाच कळवले आणि मग ते कितीतरी वेळ हुंदके देऊन रडले. (रडण्याबाबत पुस्तिकेत काही सूचना नाही.)

आता हसून झालं असेल तर एक चौकशी. तुम्ही हे वाचायला बसल्यापासून आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आलो, एवढं संपू दे." तिसरी हाक अजून आलेली नाही.