एंटविसल यांचं कपाटातलं प्रसारण

आज पॉडकास्टचा शेवटचा भाग म्हणून क्लिफर्ड एंटविसल यांनी सूट घातला, टाय बांधला, बुटांना पॉलिश केलं आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना ते कपड्यांच्या कपाटात जाऊन बसले.

कपाटात बसण्यात नवल काही नव्हतं. स्टुडिओ नसलेले पॉडकास्टवाले असेच ओव्हरकोटांच्या गर्दीत बसतात. तिथे आवाज घुमत नाही. एकतीस वर्षं एंटविसल बर्नली गावच्या रेडिओवर सकाळी दहा ते बारा बोलले होते. हरवलेली कुत्री, चर्चचे केक, कुणाच्या लग्नाची चाळिशी, आणि पाऊस. मग एका नव्या साहेबाने त्यांना बोलावलं, बिस्किटांची बशी पुढे केली आणि सांगितलं, "आता हा कार्यक्रम मँचेस्टरहून होणार. तुम्ही नसाल. पण तुम्हाला काय काळजी? हल्ली पॉडकास्टचा जमाना आहे!"

त्या जमान्याला आता अकरा महिने झाले होते. रोज सकाळी एंटविसल थेट प्रसारण करत आणि लॅपटॉपवर श्रोत्यांचा आकडा पाहत. आकडा रोज एकच असे: एक. त्या एका श्रोत्यासाठी ते जीव ओतून बोलत. पण त्या भल्या माणसाने अकरा महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती. बायको गेल्यापासून घरात बोलणारे ते एकटेच होते, आणि एकट्याने किती बोलायचं यालाही मर्यादा असते. आज निरोप घ्यायचा आणि माइक धर्मादाय दुकानात देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नमस्कार मंडळी," ते म्हणाले, आणि कपाटाचं दार खट्‌कन लागलं.

हे कपाट फक्त बाहेरून उघडायचं. म्हणून एंटविसल रोज पायातली एक सपात दाराच्या फटीत अडकवत. आज निरोपाचा मान राखायला बूट घातले आणि सपाता राहिल्या पलंगाखाली. शिष्टाचार नडला तो असा.

त्यांनी ढकललं, खांदा लावला. एक हँगर डोक्यात पडला, दार हललं नाही. फोन स्वयंपाकघरात होता, कारण प्रसारणात फोन जवळ ठेवणं म्हणजे पाप, असं ते एकतीस वर्षं इतरांना बजावत आले होते. मग लॅपटॉपवरून मेल करायची ठरली. पाठ असलेला पत्ता एकच, जुन्या रेडिओचा. तिथून लगेच उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, दहा दिवसांत कळवू.

उरला तो एक श्रोता. एंटविसल माइकवर ओरडले, "अहो, ऐकताय ना? मी कपाटात अडकलोय! वाचवा!"

अर्ध्या मिनिटाने स्वयंपाकघरातून हाक आली, "वाचवा!"

"कोण आहे?" एंटविसल हरखून ओरडले. "आत या, जिन्यावरून वर!"

थोड्या वेळाने स्वयंपाकघरानेही विचारलं, "कोण आहे? आत या, जिन्यावरून वर!"

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रसारण नीट जातंय की नाही हे पाहायला ते रोज सकाळी फोनवर लावून ठेवत, आणि तो फोन तसाच चालू राही. अकरा महिने तो एकुलता एक श्रोता ओट्यावर, टोस्टरशेजारी बसलेला होता.

एंटविसल पार एकटे पडले. ते गप्प झाले. एकतीस वर्षांत ज्यांनी दोन सेकंदही प्रसारण रिकामं जाऊ दिलं नव्हतं ते मिनिटभर, दोन मिनिटं, पाच मिनिटं गप्प बसले.

तेवढ्यात कपाटामागच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं.

"मिस्टर एंटविसल! का हो थांबलात?"

आवाज शेजारच्या मिसेस हॅलिवेल यांचा होता. एकोणीस वर्षांचा शेजार. बोलणं एवढंच की आज गारठा आहे, हो ना, आहे खरा.

"मी अडकलोय! मघापासून ओरडतोय!"

"ते ऐकलं मी. मला वाटलं, आज नाटक करताय. काम फारच वाईट करत होतात, म्हणून मी चहा ठेवायला गेले."

"अहो, पण घराची किल्ली..."

"माहीत आहे, जिरेनियमच्या तिसऱ्या कुंडीखाली. तुम्हीच मार्चमध्ये सगळ्या जगाला सांगितलंत. कुणी ऐकत नाही म्हणून वाचलात, नाहीतर चोरांनी घर धुऊन नेलं असतं!"

चार मिनिटांत शेजारीणबाईंनी येऊन कपाट उघडलं. एंटविसल कोटांतून घामाघूम बाहेर आले. मिसेस हॅलिवेल यांनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं, टायकडे पाहिलं.

"तुम्ही... रोज ऐकता?" एंटविसल यांनी विचारलं.

त्या कानापर्यंत लाल झाल्या. "भिंत पातळ आहे. त्यात माझा काय दोष?" मग म्हणाल्या, "खरं सांगू? माझी एक तक्रार आहे."

"तक्रार!" एंटविसल यांनी टाय नीट केला. तक्रार करतो तो श्रोताच. "लेखी द्या, मिसेस हॅलिवेल. कृपा करून लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दाराच्या फटीतून पाकीट पडलं. एंटविसल यांनी ते कपाटात बसून, चष्मा दोनदा पुसून वाचलं.

'महाशय, तुमचा कार्यक्रम अर्ध्या तासात संपतो. रेडिओवर होता तेव्हा तो दोन तास चालायचा आणि माझं सगळं इस्त्रीचं काम त्यात व्हायचं. हल्ली साडेदहानंतर घरात फार शांत असतं. याची दखल घ्यावी.'

त्या दिवशी एंटविसल बारा वाजेपर्यंत बोलले.