रंगनाथकाकांच्या फोनचा मालक

रंगनाथकाका घरात नवी वस्तू आणली की आधी ती उघडतात, मग वापरतात. वापरायची वेळ येतेच असं नाही. मिक्सर, गिझर, लग्नात आहेर आलेलं भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची आतडी त्यांनी बघून ठेवली आहेत. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तर "कूलरचा आवाज बरोबर नाय" म्हणून बसल्या बसल्या त्याची मागची जाळी काढली. गुरुजी तेव्हा चौथ्या अध्यायावर होते. पाचवा सगळ्यांनी घामाघूम होऊन ऐकला.

गारखेड्यात त्यांची आमची भिंत एक. काका मूळचे गंगापूर तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान अर्धं मेंढरांचं, अर्धं नटबोल्टांचं. "माझा बाप मेंढरू घेताना आधी तोंड उघडून दात बघायचा," ते सांगतात. "ज्याचं तोंड उघडत नाय, ते आपलं नाय, सर."

सर म्हणजे मी. मी क्लासमध्ये भूगोल शिकवतो, पण घरात लॅपटॉप आहे, तेवढ्यावर कॉलनीनं मला संगणकतज्ज्ञ करून टाकलंय.

एका रविवारी काका फोन घेऊन आले. चेहरा असा, जणू फोननं त्यांच्या थोबाडीत मारलीय.

"सर, ह्यो म्हनतो परवानगी नाय."

"कशाची?"

"ती बाई काढून टाकायची."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आमच्या सौ. पदराला हात पुसत बाहेर आल्या. काकू जाऊन पाच वर्षं झालेली, तेव्हा हा विषय पुढच्या खोलीतच ऐकायला हवा होता.

भानगड अशी होती. काकांना एकच बहीण, अक्का. वय ऐंशीच्या पुढं, राहायला गावाकडं. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला तिचा फोन येतो. काका तो फोन रेकॉर्ड करायचे. का, तर "ती आज एक बोलती आनि उद्या म्हनती, मी असं बोललेच नाय. पुरावा लागतो ना, सर!" मग फोननं स्वतःला काहीतरी अपडेट करून घेतलं आणि तेव्हापासून रेकॉर्डिंग सुरू झालं की आतून एक बाई दोघांनाही सांगायला लागली, की तुमचं बोलणं रेकॉर्ड होत आहे.

पहिल्या दिवशी अक्का म्हणाली, "रंग्या, घरात कोन बाई आलीय रे?"

काकांनी हरप्रकारे समजावलं. अक्काला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तोडून टाकलं, "परक्या बाईम्होरं मी घरातलं काय बोलू? सगळं ठीक हाय. ठेवते." तेव्हापासून रोज सात वाजता फोन यायचा आणि सात वाजून एक मिनिटानं संपायचा.

रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा बाई गेली, पण पुरावाही गेला. मी म्हटलं, "स्पीकर लावा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा."

"केलं. ती म्हनती, हिरीतून बोलतुयास का? ठेवला तिनं."

मग काकांनी फिटरचा उपाय काढला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, मांडीवर रजिस्टर, हातात पेन. ती बोलेल ते लिहून काढायचं. पण लिहिणारा माणूस बोलणार कधी? तिकडून अक्का ओरडायची, "अरे, हायस का मेलास?"

शेवटी काकांना कुठून तरी कळलं, की त्या बाईचा आवाज फोनच्या पोटात एका फाईलमध्ये असतो. ती काढायला गेले तर फोन म्हणाला, परवानगी नाही.

"पैशे मी मोजले. चार्जिंग मी करतो. आनि परवानगी मी मागू?" काका मला विचारत होते. जणू फोन मीच बनवलाय. "मालक कोन, सर? तेवढं सांगा."

फोनवर असा पुरता ताबा मिळवायचा तर तो रूट करावा लागतो. कंपनी घराच्या सगळ्या किल्ल्या आपल्याला देते, एक मात्र कमरेला लावून ठेवते. ती काढून घ्यायची. मी हे कधी केलं नव्हतं. पण सौ.समोर "मला येत नाही" म्हणायचीही सोय नव्हती.

काका आधी औरंगपुऱ्यातल्या एका मोबाइलवाल्याचा सल्ला घेऊन आले. तो म्हणाला, "चच्चा, रूट मत करो. गॅरंटी जाती, बँक का ॲप बंद पडता." काकांनी त्याला सांगितलं, "बँकेत मी पायी जातो."

पहिली पायरी सोपी होती. फोनच्या माहितीत जाऊन एका आकड्यावर सात वेळा बोट मारायचं. काकांनी मोठ्यानं मोजत सात वेळा मारलं. फोननं जाहीर केलं, की आता तुम्ही डेव्हलपर आहात. काका बराच वेळ ते वाचत राहिले. "कारखान्यात फिटरचा शिनियर फिटर व्हायला मला अकरा वर्सं लागली," ते म्हणाले.

दुसऱ्या पायरीला कंपनीनं एकशे अडुसष्ट तास थांबायला लावलं. म्हणजे सात दिवस विचार करा, म्हणे. काकांनी ते तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडले आणि रोज सकाळी खोडत गेले. भेटेल त्याला सांगायचे, "अजून शहात्तर ऱ्हायले." लोकांना वाटलं, काका कसलं तरी व्रत करतायत.

आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या रविवारी दुपारी, आम्ही काकांच्या घरी बसलो. कुलूप उघडलं की फोन कोरा होतो, म्हणून फोटो वगैरे मी आधीच लॅपटॉपवर घेतले. कुलूप उघडलं. मग वायरनं फोन लॅपटॉपला जोडून रूट करणारी खरी फाईल चढवायला घेतली. पडद्यावर अक्षरं सरकायला लागली. मी म्हटलं, "काका, आता कशालाच हात लावू नका."

आता, चौतीस वर्षं ज्यानं ढिले नट आवळले, त्याला हललेली वायर दिसली तर काय होतं? काकांना ती दिसली. "लूज हाय," असं म्हणून त्यांनी ती काढली, पिन शर्टाला पुसली आणि गच्च बसवली. ऐन मधोमध.

फोन बंद पडला. चालू केला तर कंपनीचं नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं. त्यापुढं काही नाही. मी काकांवर ओरडलो. वयानं मोठ्या माणसावर ओरडायला नको होतं, पण ओरडलो.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सव्वासहा झाले होते.

मूळची फाईल पुन्हा चढवायची तर फोनच्या सॉफ्टवेअरचा नेमका नंबर हवा होता. "रजिस्टरात लिवलाय," काका म्हणाले. मी रजिस्टर उघडलं, आणि चुकून भलतीच पानं उघडली.

"मंगळवार. अक्का: जेवलास का? मी: व्हय. अक्का: काय? मी: मेथी. अक्का: तेल कमी घालत जा. शेळी व्याली. दोन्ही पाटी, बोकड नाय. तुला ताप आला होता तवा मी तुला पाठीवर घेऊन वैदाकडं गेले ते (पुढचं लिहायचं राह्यलं)."

पान उलटलं. बुधवार, जेवलास का. गुरुवार, जेवलास का. पुरावा म्हणावा असं एक वाक्य सापडेना. प्रत्येक पानाच्या समासात मात्र एक आकडा होता. चार. सहा. तीन.

"काका, हे आकडे कसले?"

ते फोनकडंच बघत होते. "तितक्या येळा रंग्या म्हनली."

मी पुन्हा ते समास बघितले.

"सगळे काका म्हनतात, रंगनाथराव म्हनतात," ते म्हणाले. "आता मला रंग्या म्हननारं तिच्याबिगर कोन हाय, सर? ती गेल्यावर काय ऐकू मी?"

मला माझ्याच ओरडण्याची लाज वाटली. शेवटच्या पानावर नंबर सापडला. मूळची फाईल उतरवून चढवली, मागोमाग रूटची. या वेळी काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. सातला सात मिनिटं कमी असताना फोन जागा झाला. बाईची फाईल सापडली. "पुसू का?" असं फोननं विचारलं, काकांनी स्वतः बोट ठेवलं, आणि फोननं मुकाट्यानं पुसली.

"कोन मालक?" काका फोनला म्हणाले.

रेकॉर्डिंगचं बटण कुठं येईल ते मी दोनदा दाखवलं. सात वाजले. फोन वाजला. अक्काचा आवाज असा खणखणीत, की स्पीकर नसतानाही, मी दारापाशी जाऊन उभा होतो, तिथं ऐकू येत होता.

आधी ती काहीच बोलली नाही. वाट बघत होती. मग हळूच म्हणाली, "ती बाई हाय का गेली?"

"गेली, अक्का."

"परत यायची नाय ना?"

"नाय."

"बरं झालं. कशाला तसल्या बाया घरात घेतो, रंग्या? जेवलास का?"

आणि काका बोलायला लागले. वायर कशी ओढली, सर कसे ओरडले, सगळं सांगितलं. अक्का म्हणाली, "तू पहिल्यापासनंच तसला. आबाचा कंदील बी तूच खोलला व्हता." काका म्हणाले, मी नाही, तूच. त्यावर जे भांडण जुंपलं, ते पंचवीस मिनिटं चाललं. त्या माणसाला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

फोन ठेवल्यावर मी आत गेलो. "झालं ना रेकॉर्ड?"

काकांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दाबायचं ऱ्हायलं."

सात दिवस थांबून, अख्खी दुपार जाळून हे! माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

"उद्या दाबू," ते म्हणाले. "आज तिच्यासंगं भांडत व्हतो."

दुसऱ्या दिवशी काकांकडं राहिलेली माझी चार्जिंगची वायर आणायला गेलो, तर रजिस्टर उघडंच पडलेलं होतं. कालच्या, रविवारच्या पानावर फक्त "बोललो" एवढंच लिहिलं होतं, आणि समास कोरा होता.