ओठ हलवा, आवाज नको

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचा उजेड आत येतो तो मुळीच घाई न करता. आधी तो गजांवर टेकतो. मग ओट्यावरच्या पालथ्या भांड्यांवरून, पायऱ्या उतराव्यात तसा, एकेक करत खाली येतो. आणि आईच्या पायांशी पोचेपर्यंत धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा फिका झालेला असतो. त्याच्याकडे बघत बसणे एवढीच माझ्या दिवसातली विश्रांती. कारण पुढचा सारा दिवस मी अशा ठिकाणी काढतो, जिथे सकाळ शिडीवर चढून लावावी लागते आणि खालून कोणीतरी ओरडते, "अरे, थोडी सकाळ डावीकडे घे!"

मी चित्रपटांत गर्दीचे काम करतो. नायक-नायिका पुढे भांडत असताना मागे जे धूसर लोक गप्पा मारताना दिसतात, त्यांतला एक धूसर मी. आमच्या धंद्याचा नियम एकच: ओठ हलवा, आवाज नको. आणि वाचकहो, विनय क्षणभर बाजूला ठेवून सांगतो, या कलेत माझा हात धरणारा अख्ख्या स्टुडिओत कोणी नव्हता! एरवी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण कॅमेरा सुरू झाला की मी असा काही घडाघडा बोलत असे, की सभा गाजवणाऱ्यांनी माना खाली घालाव्यात.

तिथे आमची नावे कोणी विचारत नाही. अंगावर जे चढवले असेल तेच नाव. त्या दिवसांत मला डिंकाने भरघोस मिशी चिकटवत, म्हणून मी 'मिशी'. समोर बसणारी, पिसाच्या टोपीची मुलगी म्हणजे 'टोपी'. तिच्यासमोर मी मेजवान्यांत बसलो होतो, आगगाडीच्या खोट्या डब्यांत बसलो होतो, खोट्या न्यायालयांत ताटकळलो होतो. आणि एकदाही बोललो नव्हतो. म्हणजे, आवाजात.

शेवटी ठरवले, आज विचारायचेच!

कॅमेरा सुरू झाला. पुढे नायिका "मला विसरून जा" म्हणून हुंदके देऊ लागली. मागे मी रंगीत पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ओठ अगदी स्पष्ट हलवत म्हणालो, "माझ्याशी लग्न कराल?"

टोपी हसली. आणि चक्क होकारार्थी मान डोलावली!

नायिकेचे अश्रू वेळेवर येईनात. पुन्हा शॉट. पुन्हा विचारले. पुन्हा होकार! दुपार कलली, दिव्यांच्या धगीने मिशी ओघळू लागली, पाठ धरली, पाणी कोमट झाले. पण जितके शॉट, तितके होकार!

घरी येऊन म्हणालो, "आई, लग्न ठरलं."

आईच्या हातातली पळी पडली. ताई म्हणाली, "तू विचारलंस? तू? कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायलासुद्धा मला पाठवतोस!"

"विचारलं."

"मग काय म्हणाली?"

"हो म्हणाली. सारखी हो म्हणाली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच या दोघी, मला न सांगता, सून बघायला स्टुडिओत! नेमक्या त्या दिवशी गर्दीत दोन बायका कमी होत्या. सहायक दिग्दर्शकाने दारातच त्यांना फैलावर घेतले, "ही काय यायची वेळ झाली? चला, कपडे बदला!" आईला वाटले, इथे पाहुण्यांचे स्वागत असेच करत असतील. पाहतो तर खोट्या मोत्यांच्या माळा घालून दोघी शेजारच्या टेबलावर विराजमान! मी खूण करणार, तोच कॅमेरा सुरू झाला.

नायिका आज सुरेख रडत होती. एवढ्यात खणखणीत आवाज आला, "सूनबाई, पोरगा अबोल आहे हो, पण भांडी लख्ख घासतो!"

"कट! कोण सूनबाई?" दिग्दर्शक गरजला. नायिकाही रडायची थांबली.

आईने टोपीकडे बोट दाखवले.

"मी? अहो, मला कोणी विचारलंय कुठे!"

"काल विचारलं ना यानं, ह्याच टेबलावर!" ताई म्हणाली. "आणि तू मान हलवलीस!"

टोपी माझ्याकडे वळली. "तुम्ही पाढे नव्हता म्हणत? आपण सगळे पाढेच म्हणतो ना? मी तर बाराचा म्हणत होते."

"मान मीच हलवायला सांगितली होती," सहायक म्हणाला. "मिशी बोलली की टोपीनं हसून मान डोलवायची. हा तेव्हा मिशी चिकटवून घेत होता."

दिवे मालवले गेले. कोणीतरी मोठे दार ढकलले आणि आमच्या स्वयंपाकघरातला तोच फिका, साधा उजेड जमिनीवरून सरकत टोपीच्या पायांशी आला. तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. ती थट्टा करत नव्हती.

"मग आता विचारा की," ती हळूच म्हणाली. "आवाजात."

मी उठलो. ओठ हलले. मिशीही हलली.

"काहीच ऐकू येत नाहीये!" ध्वनिमुद्रक आपल्या खोलीतून ओरडला.

ती बराच वेळ थांबली. मग तिने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पीस सारखे केले आणि सहायक म्हणाला, "चला, जागा घ्या!"

ताई अजून विचारते, "अरे, तेव्हा बोलला का नाहीस?" मी तिला शांतपणे आमच्या धंद्याचा नियम समजावून सांगतो. कॅमेऱ्यापुढे गर्दीतल्या माणसाने आवाज काढायचा नसतो. कितीही वाटले तरी नाही!

कॅमेरा बंद होता.