सत्कारासाठी नेलेली ट्रॉली

"ट्रॅक्टर लागेल, ट्रॉली लागेल," गेलन हार्म्स म्हणाला, "आणि तू तर लागशीलच."

"माझं गवत शेतात पडलंय," आर्लिस म्हणाली. "गठ्ठे बांधून तयार आहेत. शनिवारी दुपारी पाऊस सांगितलाय. भिजले तर गाई हिवाळ्यात काय खातील? ते त्याच ट्रॉलीवरून आणायचेत."

"अगं, अकराला मोकळी करतो. शेतकरी महिलांचा गौरव आहे. तुम्हीच नाही आलात तर गौरव करायचा कुणाचा?"

गेलनचं बियाणांचं दुकान होतं आणि आयोवातल्या त्या लहानशा गावाच्या उन्हाळी मिरवणुकीचा तो अध्यक्ष होता. समितीत सगळे पुरुष. त्यांनी सात बायका निवडल्या. त्यांनी कोणते कपडे घालायचे, तेही ठरवलं: पणजीच्या काळातले लांब, फुलाफुलांचे झगे. बायकांनी ट्रॉलीत खुर्च्या मांडून बसायचं आणि लोकांकडे पाहून हात हलवायचा. ट्रॅक्टर आर्लिसचा, पण चालवायचा तिच्या नवऱ्याने.

"डेल्मरने?" आर्लिसने विचारलं. "का? मी मेलेय का?"

"सत्कारमूर्ती कधी स्वतः गाडी हाकते का? मान असतो तो."

शेत आर्लिसच्या वडिलांचं. पेरणी, कापणी, दूध, सगळं तिच्याकडे. डेल्मर शाळेत इतिहास शिकवत असे आणि ट्रॅक्टरचा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो, एवढीच त्याची ट्रॅक्टरबद्दल तक्रार होती. 'मला चालवता येत नाही' हे त्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण तोही आर्लिसबरोबर गेलनच्या दुकानात आला होता आणि तिथे चार पुरुष उभे होते. डेल्मर म्हणाला, "त्यात काय एवढं."

आदल्या संध्याकाळी आर्लिसने त्याला शिकवलं. ट्रॅक्टर जुना, त्याचा क्लच पायाशी नव्हे तर हाताशी होता.

"हा उंच दांडा पुढे ढकलला की चालतो, मागे ओढला की थांबतो. हा छोटा दांडा वेगाचा. त्याला हात लावायचा नाही."

"आर्लिस, मी मुलांना दोन महायुद्धं शिकवतो."

"मग हे जमायला हरकत नाही."

शनिवारी मिरवणूक व्यवस्थित निघाली. बँकेसमोर मंच होता, तिथे थांबायचं होतं. डेल्मरने मोटारीच्या सवयीने ब्रेक दाबला. क्लचचा उंच दांडा पुढेच ढकललेला होता, त्यामुळे ट्रॅक्टर नुसता गुरगुरला. घाबरून त्याने हाताला लागला तो दांडा सरकवला. तो छोटा निघाला. ट्रॅक्टर मंचासमोरून भरधाव पुढे गेला आणि सातही सत्कारमूर्ती खुर्च्यांसकट मागे कलंडल्या.

"मोठा दांडा, डेल्मर, मोठा," आर्लिस ओरडत होती. इंजिनापुढे काही ऐकू जाईना. बायकांनी मदतीसाठी लोकांकडे दोन्ही हात हलवले. लोकांनीही दोन्ही हात हलवले. मंचावर गेलन शेजाऱ्याला म्हणाला, "बघ किती खूश आहेत. आर्लिस उगाच कुरकुर करत होती."

गाव संपलं. पुढच्या चढावर वेग मंदावला, तशी आर्लिसने झगा गुडघ्यांपर्यंत खोचला, मागून उतरली, ट्रॅक्टरच्या बाजूने धावली आणि उंच दांडा मागे ओढला. ट्रॅक्टर थांबला. डेल्मरचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मी दांडा ओढला होता," तो म्हणाला.

"उतर खाली."

रस्ता अरुंद होता. ट्रॉली वळवायला जागा मिळणार ती थेट आर्लिसच्या फाटकाशी. पश्चिमेला ढग काळे पडले होते. विल्मा मावशी सगळ्यांत वडील, नवऱ्यामागे एकटीने डुकरं पाळून राहिलेली. तिने ढगांकडे पाहिलं.

"फाटकापर्यंत जायचंच आहे," ती म्हणाली, "तर गठ्ठे उचलूनच परतू. आपण सात जणी आहोत."

"आणि कार्यक्रम?" डेल्मरने विचारलं.

"आमच्याशिवाय काय करणारेत?" असं म्हणून आर्लिसने ट्रॅक्टर सुरू केला.

समितीने सत्कारमूर्ती म्हणून छातीवर घातलेले रेशमी पट्टे बायकांनी कमरेला आवळले. खुर्च्या बांधावर उतरवल्या. एकीने रचायचं, बाकीच्यांनी उचलून द्यायचं. डेल्मरही उचलत होता. दुपारपर्यंत कोठार भरत आलं. एकच खेप उरली होती, तेव्हा गेलनची गाडी फाटकातून आत आली. सूट, टाय, चेहऱ्यावर समाधान.

"कार्यक्रम फार छान झाला," तो म्हणाला.

"कुणाचा?" आर्लिसने विचारलं.

"तुमचाच. सन्मानचिन्हं नवऱ्यांनी घेतली. डेल्मर नव्हता, म्हणून तुझं तुझ्या वतीने मीच घेतलं."

"दिलं कुणी?"

"अध्यक्षाने. म्हणजे मीच. विल्मा मावशी, तुझ्या घरचं कुणी नव्हतं, म्हणून तुझं तेवढं शिल्लक राहिलंय, हे घे."

"नवरा नसल्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला," विल्मा मावशी म्हणाली.

"मी भाषणही केलं का?" आर्लिसने विचारलं.

"केलंस तर. लोकांना फार आवडलं."

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, डेल्मर पाठीशी नसता तर मला शेती जमलीच नसती."

डेल्मरने हातातला गठ्ठा हळूच खाली ठेवला. पहिला थेंब ट्रॅक्टरच्या तापल्या पत्र्यावर चुरचुरला. आर्लिसने हातमोजे काढले आणि गेलनच्या हातात ठेवले.

"शेवटची खेप राहिलीय," ती म्हणाली. "ती उचल. माझ्या वतीने."

आणि ती बांधावरच्या खुर्चीवर जाऊन बसली.