साहेबाच्या लग्नाचे वीस मानकरी

मेजर टॉलिव्हर साहेबांची तार पळसदरीच्या बंगल्यावर आली, तेव्हा खानसामा कमाल त्यांची आरामखुर्ची पुसत होता. तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढं इंग्रजी त्या काळी सगळ्यांनाच येत असे. कमालने ती उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली आणि शेवटी बायकोला हाक मारली. हमिदा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"कोण गेलं?"

"मला वाचता आलं असतं तर खानसामा झालो असतो काय?"

"मग मास्तरकडं जा की. माझी भाकरी तव्यावर हाय."

टॉलिव्हर साहेबांना फौजेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. ते विलायतेला परत गेले नाहीत, कारण ते विलायतेवर पुस्तक लिहीत होते. तिथल्या लोकांच्याही ध्यानात न राहिलेल्या लढाया, भुताचे वाडे, नवसाच्या विहिरी, गावोगावच्या चालीरीती असं सगळं हौशी प्रवाशांसाठी एका पुस्तकात गोळा करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. अशा कामाला पळसदरीसारखी जागा नाही. इथे त्यांचं एक अक्षरही खोडून काढणारं कुणी नव्हतं. बंगल्यामागे मधमाश्यांच्या पाच पेट्या होत्या. ठाकूरवाडीची ठमी त्या राखत असे. साहेब पंधरा दिवसांपूर्वी मुंबईला जुने नकाशे बघायला म्हणून गेले होते.

खांडपेकर मास्तर इंग्रजी चार इयत्ता शिकले होते आणि पाचवीची उणीव आवाजाने भरून काढत. त्यांनी तार खिडकीपाशी नेली.

"'मॅरीड.' अरे, साहेबाने लग्न केलं!"

"कुणाचं?"

"स्वतःचं!"

कमाल शाळेच्या पायरीवर बसला. साहेबांचं वय अठ्ठावन्न होतं आणि गेल्या दहा वर्षांत त्यांनी ठमीखेरीज एकाही बाईशी बोललेलं त्याला आठवत नव्हतं. ठमीशीसुद्धा ते माश्यांबद्दलच बोलत.

"पुढे ऐक. 'टेल', म्हणजे सांग. कुणाला? बी, डबल ई, एस." मास्तर थबकले.

"बी म्हंजे माशी ना, मास्तर? साहेब पेट्यांपाशी उभं ऱ्हाऊन बी, बी करत असतात."

"आता तू मला इंग्रजी शिकव! माझं लग्न झालं हे मधमाश्यांना कळवा, अशी तार करायला साहेब वेडा आहे?"

कमालने विचार केला. त्याला दहा वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी आठवल्या. पण ज्यांचं मीठ खातो त्यांना मास्तरांसमोर वेडं ठरवणं बरं दिसलं नसतं.

"नाय," तो म्हणाला.

"झालं तर मग. बीस! हिंदुस्थानी बीस. तुम्हा लोकांच्या सोयीसाठी साहेबाने तेवढा एक शब्द हिंदुस्थानीत घातलाय. वीस जणांना सांग. पुढे 'टाय'. टाय माहीत आहे ना, गळ्यात बांधतात ती? पांढऱ्या रिबिनीची टाय. मग केक द्या. सोमवारी पोचतो." मास्तरांनी तारेची घडी घातली. "अर्थ उघड आहे. वीस प्रतिष्ठित माणसं बोलाव, गळ्यात पांढरी रिबीन बांध, केक खाऊ घाल. इंग्रजी लग्नाची रीतच आहे ती."

मास्तरांनी एकही इंग्रजी लग्न पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती. "आणि पहिलं नाव माझं घाल," त्यांनी बजावलं.

हमिदाने सगळं ऐकून घेतलं. विसाच्या आकड्याचं तिला काही वाटलं नाही. तिला धसका वेगळाच होता.

"घरात मडम आली की पयला खानसामा बदलतात. चौक गावच्या साहेबाचं काय झालं? मडम आली आन् आठ दिवसात जुना माणूस घरी. तुमी ह्यात काय कमी पडू देऊ नका. वीस म्हंजे वीस. येकोणीस नाय."

कमालही तेच म्हणत होता. पण वीस प्रतिष्ठित माणसं जमवणं हे सबंध तालुक्यात एकच प्रतिष्ठित माणूस शोधण्याइतकं सोपं नव्हतं. पाटलाने आपलं नाव मास्तरांच्या खाली लिहिलेलं पाहून यादी फाडली. दुसरी यादी केली. कर्जतच्या अव्वल कारकुनाने "मला सरकारी कागदावर कळव" म्हणून सांगितलं आणि सरकारी कागद न येताही होकार दिला. पाटलाने दोन पाहुणे घुसवले. भटजी म्हणाले, आपण येऊ, पण केकात अंडं असता कामा नये. शनिवारी संध्याकाळी एकोणीस नावं ठरली आणि विसाव्या नावासाठी गजा वाणी आणि सदू मुकादम हमरीतुमरीवर आले.

"माझ्या दुकानातली साखर साहेब खातो," गजा म्हणाला.

"आन् तुज्या दुकानापुढचा रस्ता कुनी केला? मीच केला."

"म्हणूनच गाडी रुतते!"

भांडण मिटलं ते रिबिनीमुळे. कर्जतच्या बाजारात पांढरी रिबीन नव्हती. गजाकडे मात्र लेंग्यात घालायच्या पांढऱ्या नाडीचं अख्खं बंडल होतं. त्याने ते आपल्या नावाच्या अटीवर देऊ केलं. मुकादम संतापून निघून गेला आणि वीस पुरे झाले. नाडी ही नाडीच आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण साहेबाच्या लग्नाचा मान म्हटल्यावर ती कुठून काढली हे विचारण्याचा करंटेपणा कुणी केला नाही.

ठमी हे सगळं पेट्यांपाशी बसून बघत होती.

"कमालभाई, मला काय बांधायचं का नाय?"

"तू इसात नाय गं. इसात मोठी मान्सं हायेत."

"ऱ्हाऊ दे. मी आपली माश्यांकडं बघते," ठमी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

हमिदाने रविवारी दोन केक केले. अंड्याचा फुगला. बिनअंड्याचा भटजींच्या धर्माला शोभेल असा कठीण झाला. त्याचा एक कोपरा जळला, तो तिने कापून बाहेर ठेवला.

सोमवारी दुपारच्या गाडीला कर्जत स्टेशनावर वीस माणसं एका रांगेत उभी होती. डोक्याला पागोटी, टोप्या, अंगात ठेवणीतले कोट, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पांढऱ्या नाडीचा दुहेरी फास. पाटलाच्या मानेला दीड हात नाडी लागली होती आणि तरीही तो जपून श्वास घेत होता. इंजिनाचा ड्रायव्हरदेखील वाकून बघत गेला.

साहेब उतरले. मागून मडम उतरली. उंच, पन्नाशीची, गळ्यात चष्मा आणि हातात वही. तिने रांगेकडे पाहिलं, चष्मा लावला आणि पुन्हा पाहिलं.

साहेबांनी मात्र आधी कामाचं विचारलं. "कमाल! बीज को बोला?"

"जी साहेब, बीस को बोला. पूरे बीस."

"शाबास. केक दिया?"

"दिया, साहेब."

"खाया?"

"सबने खाया. सिर्फ भटजी का दाँत हिल गया."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "भटजी? रिबन किसको बांधा?"

कमालने अभिमानाने हात केला. वीसजणांनी माना ताठ केल्या, त्यात पाटलाला ठसका लागला. साहेबांनी एकेका गळ्यावरून नजर फिरवली आणि त्यांच्या चेहऱ्याचा लाल रंग हळूहळू उतरला.

"बीज!" ते ओरडले. "बीस नहीं, बीज! शहद का मक्खी! पेटी का मक्खी!"

साहेबांच्या गावाकडे अशी चाल होती, की घरात जन्म, लग्न, मरण काही झालं तरी ते आधी मधमाश्यांच्या कानी घालायचं. लग्न असलं तर पेटीला पांढरी फीत बांधायची आणि केकचा तुकडा ठेवायचा. नाही सांगितलं तर माश्या रुसतात आणि घर सोडून जातात. हे साहेबांनी बैलांच्या दमणीत बसता बसता, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदुस्थानीत, ओरडून सांगितलं.

कमालने फक्त मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सिग्नलकडे बघत होते.

दमणी पळसदरीकडे उधळली. मागून तीन बैलगाड्यांत वीस मानकरी निघाले, कारण परत जा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि जेवणाचं अजून निघायचं होतं. कमाल दमणीच्या मागच्या फळीवर उभा होता. मडमेचे खांदे गदगदा हलताना त्याला दिसत होते. बाई पहिल्याच दिवशी रडतेय, असं समजून त्याने मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं.

बंगल्यावर साहेब थेट मागे धावले. हॅट काढली. खिशातून घराची किल्ली काढून प्रत्येक पेटीवर तीनदा ठोठावली आणि अतिशय अदबीने, माफी मागून, इंग्रजीत आपल्या लग्नाची बातमी दिली. नाड्यांसकट वीसजण पाठीमागे हात जोडून उभे राहिले. लग्नाचा विधी चालला आहे, अशीच त्यांची समजूत होती. माश्या येत होत्या, जात होत्या. रुसल्याची काही खूण दिसेना.

"साहेब," ठमी पेरूच्या झाडाखालून म्हणाली, "त्यांना म्हाईत हाय. मी शनवारीच सांगितलं."

कमालने ते साहेबांना सांगितलं. साहेब गर्रकन वळले. "क्यों बोला?"

"मंग काय करू? गावात समद्यांना सांगितलं, पर माझ्याशी कुनी बोलंना. बातमी तर पोटात ऱ्हाईना. म्हनून त्यांना सांगितलं. काल जळका केक पन ठिवला. गोड लागला असंल, घोळका करून बसल्या व्हत्या."

मडम आता उघड उघड हसत होती. तिला पायरीवर बसावं लागलं. केक कुणी केला म्हणून तिने विचारलं, हमिदाला पुढे बोलावलं आणि कठीण केकचा तुकडा चहात बुडवून चक्क दोनदा घेतला. कमालने मनात बांधलेलं बिऱ्हाड सोडलं.

पण मडम साहेबांसारखीच निघाली. तिलाही चालीरीतींचा नाद होता आणि साहेबांचं पुस्तक संपलं की इथलं लिहायला घ्यायचं तिने विलायतेहून येताना बोटीवरच ठरवलं होतं. तिने वही उघडली. ठमीने माश्यांशी बोलणं तिला फारसं नवलाचं वाटलं नाही, तसं तिच्या आजोळीही करत. तिची पेन्सिल थांबली ती नाडीपाशी.

"यह क्या रिवाज है?" तिने रांगेतल्या सगळ्यांत शहाण्या दिसणाऱ्या माणसाला विचारलं. दुर्दैवाने ते खांडपेकर मास्तर होते.

खरं सांगायला मास्तरांना एक क्षण मिळाला होता. त्या क्षणात त्यांना पाटील दिसला, अव्वल कारकून दिसला आणि नाडीने लाल झालेले एकोणीस गळे दिसले.

"फार प्राचीन रिवाज, मॅडम," मास्तर इंग्रजीत म्हणाले. "शिलाहार राजांच्या वेळचा. वीस कुळं. लग्नात गळ्याला धागा."

मडमेने लिहून घेतलं. दोन वर्षांनी तिचं पुस्तक लंडनला छापून आलं आणि त्याची एक प्रत तिने प्रेमाने मास्तरांना दिली. मास्तरांनी त्यातलं नाडीचं पान चावडीवर मराठीत वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज थोडा कापत होता, तो लोकांना विद्वत्तेने कापतोय असं वाटलं.

त्याच वैशाखात पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. वीस नाड्या आल्या. पाटलाने पहिली नाडी आपल्या गळ्यात घातली. त्याचा धाकटा भाऊ जैतू नुकताच वेगळा निघाला होता. तो मांडवात उभा राहून म्हणाला, नाडीचा मान घराण्याचा आहे, एकट्या थोरल्याचा नाही. शब्दाने शब्द वाढला, वऱ्हाड ताटकळलं आणि पावसाळ्याआधी प्रकरण कोर्टात उभं राहिलं. जैतूच्या वकिलाने पुरावा म्हणून मडमेचं पुस्तक दाखल केलं. पाटलाच्या वकिलानेही तेच पुस्तक दाखल केलं. दोघांनीही साक्षीला खांडपेकर मास्तरांना बोलावलं.

मास्तरांनी शपथ घेतली. जज्जसाहेबांनी पुस्तक चाळलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "गुरुजी, ही चाल सुमारे किती वर्षांची?"

मास्तरांनी उजवीकडे पाटलाकडे पाहिलं, डावीकडे जैतूकडे पाहिलं. दोघेही नाडी घालून आले होते.

"महाराज," ते म्हणाले, "माझ्या आठवणीत तरी ती पहिल्यापासून आहे."