निळ्या टोपीतली मैत्रीण

"गेम कसा असावा, हे मला विचारा!" असं कवळीवाले छातीठोकपणे सांगायचे. विचारायचं मात्र कुणीच नाही.

कवळीवाले म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवर हे मेणात एकेक दात बसवायचे. दिवसभर समोर बत्तिशा हसत असायच्या, पण बोलणारं एकही तोंड नाही!

कामावरची तरणी पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर धडाधड गोळ्या झाडायची. कवळीवाले नाक मुरडायचे. "जीव मुठीत धरून पळा, मानगुटीवर घड्याळ, वर हरलात म्हणून शिव्या खा! अरे, हा खेळ झाला? ही तर नोकरी झाली!"

त्यांचा गेम निराळा. एक तळं, एक बाक, एक गळ. मासा लागला तर लागला. आणि बाकावर रोज संध्याकाळी निळ्या टोपीतली एक बाई बसलेली. कवळीवाले टाईप करायचे, "आज एका दाढेने फार छळलं." ती लिहायची, "वारा छान सुटलाय. तुम्ही आलात, बरं वाटलं."

तेवढ्या एका वाक्यासाठी पन्नाशी उलटलेला हा माणूस आपल्या रिकाम्या घराचे तीन जिने धापा टाकत चढायचा!

एकदा थोरल्या बहिणीशी फोनवर बोलताना तोंडून निसटलं, "मला एक मैत्रीण आहे, ताई. तळ्याकाठी भेटते." गेमचं नाव मात्र काढलं नाही. या वयात गेम म्हटलं असतं, तर ताईने फोनमधूनच कान पिळला असता.

"काय करते?" ताईचा आवाज एकदम चढला.

"मासे पकडते."

"आणि विकते?"

"छे! परत सोडून देते."

"म्हणजे घरचं बरं आहे!" ताईने निकाल लावला, आणि त्याच आठवड्यात नवऱ्यासकट दारात हजर! हातात भावासाठी नवा कोरा शर्ट. मागे दोन्ही हातांत पिशव्या घेतलेले मेहुणे. मेहुणे कधी बोलत नसत. त्यांच्या संसारात ते खातं ताईकडे होतं.

"घाल हा शर्ट. चल तळ्यावर!"

"आज नको, पाऊस येईल."

"कडकडीत ऊन पडलंय!"

"मग... तळं दुरुस्तीला काढलंय."

"तळं?"

शेवटी घाम पुसत कवळीवाल्यांनी कंप्युटर सुरू केला. ताई पडद्याकडे बघतच राहिली.

"बाई खरी आहे गं!" ते घाईघाईने म्हणाले. "तीही कुठेतरी घरी बसून खेळत असणार. माझ्याशी बोलते ना!"

"सरक!" ताईने खुर्ची बळकावली आणि एका बोटाने टाईप केलं, "लग्न झालंय का?"

उत्तर आलं, "वारा छान सुटलाय."

"विषय टाळतेय! पाणी मुरतंय कुठेतरी." पुन्हा टकटक. "घरी कोण कोण असतं?"

"तळ्याला कसलीच घाई नसते."

"उद्धट आहे रे! मला नाही पसंत!"

मेहुण्यांनी एक पिशवी खाली ठेवली आणि हात लांबवून माऊसने त्या निळ्या टोपीवर टिचकी मारली. एक चौकोन उघडला. 'हे पात्र गेमचा भाग आहे. टोपीचा रंग बदलायचा आहे का?'

कवळीवाल्यांना आत्ता उमगलं, की इतक्या संध्याकाळींत त्या बाईने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. ते त्याला तिची सभ्यता समजत होते.

"पण तुला यात गोडी तरी कसली वाटते रे?" ताईने विचारलं. आवाज खाली आला होता.

"शेजारी कुणीतरी बसलेलं असतं," नव्या शर्टाची घडी मोडत ते म्हणाले. "आणि आपल्याला काही करून दाखवावं लागत नाही."

"मग मला सांगायचंस! मी आले असते बसायला!"

"तू? गप्प?"

मेहुणे एवढ्या जोरात हसले, की हातातली पिशवी सुटली. निघताना चपला घालता घालता ते हळूच कानाशी लागले, "त्या गेमचं नाव सांगा हो जरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर एक नवा गडी! पिवळी टोपी, नाव 'मेहुणे'. कवळीवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. खराखुरा, रक्तामांसाचा माणूस शेजारी! त्यांनी मन मोकळं केलं. हट्टी दाढा लिहिल्या, रिकामं घर लिहिलं, दाराची बेल महिनोन् महिने वाजत नाही तेही लिहिलं. मेहुणे एका शब्दाने मध्ये पडले नाहीत. ऐकावं तर असं!

तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, यांना काय नादी लावलंस? मोबाईल हातात धरून केव्हाचे घोरतायत! उठवू का?"

कवळीवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. पिवळी टोपी गळ धरून ताठ बसली होती.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आत्ताच कुठे बसलेत."